उंदीर क्रमांक एक्केचाळीस

उंदीरमामाला उंदीरमामा म्हटल्याचा राग कधीच आला नाही. अठ्ठावीस वर्षं ज्याने पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुतले, त्यांचं दाणापाणी पाहिलं, वजनं घेतली आणि शेकड्यांनी बाळंतपणं निभावली, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? त्याच न्यायाने त्याच्या बायकोला सगळी संस्था मामी म्हणायची. तिने तर जन्मात उंदराला हात लावला नव्हता. लांबून दिसला तरी ती खुर्चीवर चढायची.

संस्था औषधांच्या संशोधनाची. तिच्या मागच्या अंगाला एक लांबट, बिनखिडक्यांची खोली होती. तिथे दिवे घड्याळावर लागत आणि घड्याळावर विझत, भिंतींत भुशाचा आणि फिनेलचा वास मुरलेला होता आणि मांडण्यांवर पिंजरे ओळीने लावलेले असत. या खोलीत मामा राजा होता आणि राजाचा कायदा म्हणजे रजिस्टर. रजिस्टरच्या पानांवर छापील आकडे असत, त्यामुळे पान फाडायची सोय नाही. खाडाखोड चालत नसे. आकडा चुकला तर त्यावर एकच सरळ रेघ मारून बाजूला सही करायची. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन सह्या लागत, एक करणाऱ्याची आणि एक पाहणाऱ्याची. लिहिलं नाही ते झालं नाही, हे वाक्य मामा नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवायचा आणि दुसऱ्या दिवशी म्हणून घ्यायचा.

एवढा शिस्तीचा माणूस, पण संध्याकाळी साडेपाचला फाटकाबाहेर पडला की त्याचे पाय आपोआप उजवीकडे वळायचे. उजवीकडे गुत्ता होता. 'मी मोजून पितो,' असं तो छातीठोकपणे सांगायचा आणि ते खरंही होतं. फक्त तिसऱ्या ग्लासानंतर त्याला पुढचे आकडे आठवत नसत. शपथा त्याने इतक्या जणांच्या घेतल्या होत्या की नात्यात कुणी शिल्लक राहिलं नव्हतं. 'उद्यापासून' हा शब्द कुणी नुसता उच्चारला तरी मामीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, मग तो बिचाऱ्या दूधवाल्याने का उच्चारलेला असेना.

मामीच्या धाकट्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान होतं. रस्त्याकडे मोठी काच आणि काचेमागे तयार कपडे चढवलेले तीन पुतळे. एका रविवारी भर दुपारी मामा टुन्न होऊन बायकोला न्यायला म्हणून तिथे गेला, दाराऐवजी काचेमागच्या फळीवर चढला आणि निळ्या झग्यातल्या बिनडोक्याच्या पुतळ्याला मिठी मारून त्याची माफी मागू लागला. चांगला अर्धा तास मागितली. बाहेर ही गर्दी जमली. दोन बायकांनी तर आत येऊन झग्याची चौकशीसुद्धा केली.

मामी आत मशीनमागे उभी राहून सगळं ऐकत होती. लोक हसले याचं तिला एवढं काही वाटलं नाही. हसं व्हायची तिला सवय होती. पण पंचवीस वर्षांत जे शब्द तिच्या वाट्याला एकदाही आले नव्हते ते एका पुतळ्याला फुकटात मिळत होते, हे तिला फार लागलं. त्या दिवसापासून ती बहिणीकडेच राहिली. 'शपथा घेऊन येऊ नका,' असा तिने निरोप धाडला. 'दाखवण्यासारखं काही असेल तर या.'

मामाकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. दोन महिने तो आपल्या हातचं करपलेलं खात राहिला आणि उजवीकडे वळत राहिला.

अशात मॅडमनी सोडवेलीचं काम काढलं. मॅडम म्हणजे संस्थेतल्या शास्त्रज्ञ, मामापेक्षा वीसएक वर्षांनी लहान, पण कामात कुणाच्या बापाचं न ऐकणाऱ्या. सोडवेल ही रानात उगवणारी वेल. तिच्या मुळीचा काढा पोटात गेला की दारू नकोशी होते, असं जुने वैद्य पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते.

"सांगतात ते खरं का, एवढंच आपण पाहायचं," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठी आधी चाळीस उंदीर दारुडे करायला हवेत."

मामाने चमकून वर पाहिलं. पण टोमणा मारण्याइतका मॅडमना वेळ नव्हता.

प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या लावल्या, एकीत साधं पाणी आणि दुसरीत दारू मिसळलेलं. रोज सकाळी दोन्ही बाटल्या काट्यावर ठेवायच्या, कुणी कशातलं किती प्यालं ते लिहायचं आणि बाटल्यांच्या जागा बदलायच्या. उजवीकडची डावीकडे, डावीकडची उजवीकडे.

"जागा कशाला बदलायच्या?" मामाने विचारलं.

"उंदराला बाजूची सवय लागते, मामा. दारू आवडते म्हणून उजवीकडे जातो की उजवीकडे जायची सवय झाली म्हणून दारू पितो, ते कळायला नको?"

हे वाक्य मामाच्या डोक्यात दिवसभर भुणभुणत राहिलं.

महिन्याभरात उंदीर लायनीवर आले, म्हणजे लायनीवरून घसरले. सगळ्यांत बिलंदर होता सतरा नंबर. पाण्याच्या बाटलीकडे तो ढुंकूनही पाहायचा नाही. दारूची बाटली कुठेही टांगा, आधी नाक वर, मग दोन पायांवर उभा आणि मग नळी तोंडात. पिऊन झालं की कोपऱ्याकडे तोंड करून बसायचा. मामाला त्या बसण्यात कोणीतरी अगदी ओळखीचं दिसायचं. "काय रे, आजपण?" असं तो हळूच विचारायचा आणि खिशातला शेंगदाणा आतल्या आत परत ठेवायचा, कारण ठरल्याबाहेरचा दाणा द्यायला बंदी होती.

मग औषध सुरू झालं. वीस उंदरांना सोडवेलीचा काढा आणि उरलेल्या विसांना नुसतंच कडू पाणी. सतरा नंबर काढ्याच्या बाजूला होता. पहिला आठवडा त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मामाने त्याची दारूची बाटली तोलली आणि त्याला वाटलं काटाच बिघडला. पुसून पुन्हा तोलली. अर्धी दारू शिल्लक होती. पुढच्या सकाळी त्याहून जास्त. पाचव्या दिवशी सतरा नंबर पाण्याच्या नळीला लोंबकळत होता आणि मामा त्याच्यासमोर तोंड उघडं टाकून उभा होता.

'हा सुधारतो आणि मी नाही?' त्या दिवशी मामाला पहिल्यांदाच एका उंदराची लाज वाटली.

काढ्याला हात लावायची त्याची छाती नव्हती. तो थेंब थेंब मोजलेला असे. पण काढा गाळून उरलेला मुळ्यांचा चोथा फेकायला त्याच्याकडेच येई. तो चोथा मामा डब्यात भरून घरी न्यायला लागला. आता डोस किती घ्यायचा? मामाने कागद-पेन्सिल घेऊन त्रैराशिक मांडलं. अडीचशे ग्रॅमच्या उंदराला एक मिली, तर अडुसष्ट किलोच्या मामाला किती? उत्तर आलं दोनशे बहात्तर. त्याने चोथा खळाखळा उकळला, मोजून दोनशे बहात्तर मिली भांड्यात घेतला आणि नाक दाबून घशाखाली लोटला.

त्यानंतरचे दोन तास त्याने मोरीत काढले. जीभ दिवसभर अशी कडू राहिली की दुसऱ्या दिवशी चहासुद्धा औषधासारखा लागला. पण त्या संध्याकाळी गुत्त्याची आठवण आली तेव्हा पोटातून असा उमासा आला की पायाला पाय लावून तो घरी परतला. मामाच्या दृष्टीने हा प्रयोग यशस्वी झाला होता.

प्रयोग म्हटला की नोंद आली. पहिल्यांदा त्याने घरच्या वहीत लिहायला घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी स्वतःला पकडलं. प्यालेला ग्लास त्याने 'अर्धा' म्हणून लिहिला होता आणि मग तेही नको म्हणून पान फाडून टाकलं होतं. अठ्ठावीस वर्षांत त्याने एकाही उंदराची खोटी नोंद केली नव्हती. स्वतःची मात्र तिसऱ्या दिवशी केली. मामा मनातून हादरला. जिथे पान फाडता येत नाही आणि खोडता येत नाही अशी एकच जागा त्याला ठाऊक होती. त्याने संस्थेच्या रजिस्टरच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर रकाने आखले आणि पहिल्या ओळीत, नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'उंदीर क्रमांक एक्केचाळीस. नर. वजन अडुसष्ट किलो.'

पुढे हे रोज चाललं. सकाळी चाळीस उंदीर झाले की मामा एक्केचाळिसाव्याकडे वळायचा. मॅडमचं वाक्य डोक्यात होतंच, म्हणून त्याने स्वतःची बाजूही बदलून पाहिली. पुढचं फाटक सोडून तो मागच्या फाटकाने डावीकडे जाऊ लागला. त्या वाटेवर एक पत्र्यांचं गोदाम, एक दवाखाना आणि एक भुंकणारा कुत्रा एवढंच होतं. चार दिवस पाय रेंगाळले, मग त्यांनाही त्या कुत्र्याची सवय झाली.

म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं असं नाही. सहाव्या दिवशी नव्वद मिली होते. एकोणिसाव्या दिवशी एकशे ऐंशी. पण ते लिहिलेले होते, खाडाखोड न करता.

बावन्नाव्या दिवशी तपासणी आली.

तपासणीस पशुवैद्य होते. जाड भिंगांचा चष्मा, हातात टाचणीसारखं टोक केलेली पेन्सिल. संस्थांमधून प्राणी मोजत फिरायचं हेच त्यांचं काम. त्यांनी पिंजरे मोजले, चाळीस भरले. मग मॅडमना समोर बसवून रजिस्टर पहिल्या पानापासून पाहिलं आणि बहुतेक माणसं जिथे थांबतात तिथे न थांबता शेवटच्या पानापर्यंत गेले.

"हा एक्केचाळिसावा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी मामाकडे पाहिलं. मामाने छताकडे पाहिलं.

"असतो इथेच," मामा म्हणाला. "फिरता असतो."

"प्राणी मोकळा फिरतो?" पशुवैद्यांची पेन्सिल खाली आली. "आणि हे वजन? अडुसष्ट किलो? दशांश चिन्ह चुकलं असणार."

"नाही साहेब. उपाशीपोटीचं आहे."

मॅडमनी रजिस्टर ओढून घेतलं. पशुवैद्यांनी ते परत ओढलं आणि मोठ्याने वाचू लागले. "'दिवस नववा. वागणूक: चिडचिड. मेहुणीला फोनवर उलट बोलला.'" त्यांनी चष्मा काढून पुसला. "उंदराला मेहुणी?"

"मामा!" मॅडम किंचाळल्याच. "हे तुम्ही आहात?"

मामाने मान खाली घातली. मग सगळं बाहेर आलं: चोथा, त्रैराशिक, मोरी, मागचं फाटक. मॅडमचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लालबुंद झाला.

"माणसाचा डोस त्रैराशिकाने काढत नाहीत! यकृत खराब झालं असतं म्हणजे? एकदम दारू तोडली की माणसाला झटके येतात, माहीत आहे? आणि चोथ्यात उरतं काय? सगळा अर्क पहिल्या उकळीतच निघून येतो!"

"म्हणजे मी नुसतंच कडू पाणी प्यालो?"

"उरलं असेल थोडं, नसेलही. मोजलेलं नाही, तेव्हा मी सांगू शकत नाही." इतक्या रागातही मॅडम न मोजलेलं सांगायला तयार नव्हत्या.

पशुवैद्य मात्र वेगळ्याच विवंचनेत होते. परवानगी चाळीस प्राण्यांची आणि वापरला एक जास्तीचा, त्यातही तो सरकारी नियमात कुठेच न बसणारा. अहवालात लिहायचं काय? त्यांनी पानं उलटसुलट केली आणि एकदम त्यांचा चेहरा खुलला.

"या नोंदींना दुसरी सही नाही. करणाऱ्याची आहे, पाहणाऱ्याची नाही."

"पाहणारं कोणी नव्हतं, साहेब."

"मग प्रश्नच मिटला! दुसरी सही नसलेली नोंद नियमाप्रमाणे नोंदच नव्हे. एक्केचाळिसावा उंदीर कधी नव्हताच." त्यांनी सगळ्या पानांवर एकेक तिरपी रेघ मारली, खाली 'अग्राह्य' लिहिलं आणि हात झटकले.

मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला. प्रयोग वाचला, मामाची नोकरी वाचली. खरं तर मामाने त्या माणसाचे पाय धरायला हवे होते. पण तो जागचा हलला नाही.

"मग माझे बावन्न दिवस?" त्याने विचारलं.

पशुवैद्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. या प्रश्नाला त्यांच्याकडे रकाना नव्हता.

ते गेल्यावर मॅडम मामाला हाताला धरून शेजारच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि रक्त तपासून आणलं. यकृत जुन्या पाप्याचं असावं तसं होतं, पण मेलेलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दर बुधवारी यायला सांगितलं. सोडवेल मात्र बंद.

"पण मॅडम, तिच्यामुळेच तर..." मामाचा आवाज चिरकला. त्याला खरंच भीती वाटत होती. तो कडू घोट आपल्या आणि गुत्त्याच्या मधली भिंत आहे असंच तो धरून चालला होता.

"कशामुळे ते आपल्याला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी कपाटातून छापील आकड्यांचं एक कोरं रजिस्टर काढलं, त्या बावन्न ओळींच्या झेरॉक्स त्यात ठेवल्या आणि ते मामाच्या हातात दिलं. "दुसरी सही मी करू शकत नाही. संध्याकाळी साडेपाचनंतर तुम्ही काय करता ते मी पाहत नाही. पाहणारं कोणीतरी शोधा."

पाहणारं माणूस मामाला एकच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात शिरताना त्याने या खेपेला दार नीट पाहून घेतलं. मेहुणी मशीनवर होती. "भाऊजी, पुतळा आत हलवलाय," ती वर न पाहता म्हणाली. खरंच, निळा झगा आतल्या कोपऱ्यात उभा होता.

मामी बटणं लावत बसली होती. मामाने रजिस्टर तिच्या पुढ्यात ठेवलं आणि उभा राहिला. तिने सुई कापडात खोवली, हात पुसले आणि वाचायला घेतलं. एक एक ओळ, बोट फिरवत. सहाव्या दिवशी बोट थांबलं. एकोणिसाव्या दिवशी पुन्हा थांबलं आणि ती ओळ तिने मोठ्याने वाचली.

"'एकशे ऐंशी मिली. कारण: काही नाही. मेहुणीवर ढकलावंसं वाटलं, पण तिचा संबंध नव्हता.'"

मशीन थांबलं. "माझा?" मेहुणी म्हणाली. मग ती हसायला लागली आणि तिला थांबता येईना.

मामी हसली नाही. ती त्या ओळीकडे बघत राहिली. पंचवीस वर्षांत 'प्यालो नाही' असं तिने हजारदा ऐकलं होतं. 'प्यालो आणि कारण काही नाही' असं कुणी तिला लिहून दिलं नव्हतं. नको नको म्हणताना तिचा विश्वास बसला तो त्या दोन वाईट ओळींवर.

"ही आडवीतिडवी रेघ कसली?"

"दुसरी सही नाही म्हणून. पाहिल्याची," मामा म्हणाला. "म्हणजे ते सगळं धरलं नाही. तू... तू करशील?"

"मी मागचं काही पाहिलेलं नाही," मामी म्हणाली.

"मग आजची कर."

"आजचा दिवस तरी कुठे संपलाय? सहा वाजत आलेत. खरी वेळ तर आता सुरू होते." तिने एक स्टूल पायाने पुढे ढकललं. "बसा. दुकान सातला बंद होतं."

मामा बसला. स्टूल नेमकं निळ्या झग्यासमोर होतं. मामीने त्याच्या मांडीवर सदरे टाकले आणि सुई हातात दिली. त्या दिवशी काढा नव्हता आणि गोळी सकाळची होती. सुईत दोरा ओवायला त्याला सव्वासहा वाजले. कपाळावर घाम आला आणि गुत्त्याचं दार जणू दुकानाच्या उंबऱ्याशी येऊन उभं राहिलं. मामीने दोन वेळा पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. साडेसहाला तो एकदम उठला. मेहुणीचे हात थबकले. मामा झग्यासमोर उभा राहिला, मग पाठ फिरवून मामीकडे वळला.

"त्या रविवारी याला जे बोललो ना," तो म्हणाला, "ते तुला म्हणायचं होतं गं."

"काय बोललात ते आठवतं तरी का?"

"नाही."

"मला आठवतं. शब्दन्‌ शब्द." तिचा आवाज भरून आला आणि तिला स्वतःचाच राग आला. "बसा खाली. चौथं बटण उलटं लावलंय."

सात वाजता मेहुणीने शटर अर्धं ओढलं. मामाने रजिस्टर उघडलं, तारीख घातली, वजन अडुसष्ट, दारू शून्य, औषध नाही, आणि करणाऱ्याची सही केली. मग पेन मामीला दिलं. तिने पाहणाऱ्याच्या रकान्यात सावकाश, शाळेतल्यासारखी सही केली. पण पेन परत दिलं नाही. 'वागणूक' हा रकाना मामाने कोरा सोडला होता, तो तिच्या नजरेतून सुटला नव्हता. क्षणभर विचार करून तिने तिथे लिहिलं:

'बटणं वाकडी लावतो. खात्री नाही. उद्या घरी पुन्हा पाहीन.'